प्रतिजैविकांची क्रिया व संवेदनशीलता चाचणी

प्रतिजैविक म्हणजे जिवाणूंना मारणारा किंवा त्यांची वाढ रोखणारा, आणि हे काम रोग्याच्या पेशींना सोसेल अशा मात्रेत करणारा पदार्थ. जुन्या संदर्भग्रंथांत ‘प्रतिजैव पदार्थ’ अशी संज्ञा आढळते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात बोलताना सर्रास ‘अँटिबायोटिक’ म्हणतात आणि चाचणीला नुसते ‘कल्चर’. काटेकोर अर्थाने कल्चर म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवणे. त्यांच्यावर कोणते औषध चालते हे पाहणे ही पुढची पायरी, म्हणजे संवेदनशीलता चाचणी.

‘अँटिबायोटिक’ या संज्ञेचा उगम एका व्यक्तीच्या नावावर टाकता येत नाही. एका जिवाने दुसऱ्याचा नाश करण्याच्या अर्थाने फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल व्हीयमँ याने १८८९च्या सुमारास ‘अँटिबायोसिस’ हा शब्द वापरला. औषधी पदार्थासाठी ‘अँटिबायोटिक’ हा शब्द सेलमन वॅक्समनने १९४०नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रूढ केला, आणि सूक्ष्मजीवांनी स्वतः तयार केलेल्या पदार्थांपुरताच मर्यादित ठेवला. त्या व्याख्येने सल्फा औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन प्रतिजैविकांत बसत नाहीत, कारण ती कारखान्यात संश्लेषणाने बनतात. आजच्या वैद्यकीय वापरात हा भेद उरलेला नाही. येथेही तो पाळलेला नाही.

क्रिया : जिवाणूत आहे पण माणसात नाही, किंवा माणसात वेगळ्या घडणीचे आहे, अशा जागी प्रतिजैविक घाव घालते. पेनिसिलीनचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. जिवाणूभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची भिंत असते. तिच्या लांब साखळ्या आडव्या दुव्यांनी बांधल्या जातात आणि हे बांधकाम ट्रान्सपेप्टिडेज नावाची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) करतात. पेनिसिलीनचा रेणू साखळीच्या टोकासारखा दिसतो. विकर त्यालाच धरते आणि कायमचे अडकून पडते. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील विणकरांच्या मागावर उभे धागे ताणलेले असावेत आणि आडवा धागा पडूच नये, तशी भिंतीची गत होते. जुनी वीण सोडवणारी जिवाणूची विकरे मात्र काम करतच राहतात. शेवटी आतल्या दाबाने पेशी फुटते. म्हणून ही औषधे वाढत असलेल्या जिवाणूवरच नीट चालतात.

इतर गटांचे थोडक्यात असे : जेंटामायसिन व टेट्रासायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमच्या (प्रथिने बनवणाऱ्या कणाच्या) लहान भागाला, तर एरिथ्रोमायसिन व क्लोरॅम्फेनिकॉल मोठ्या भागाला धरून प्रथिननिर्मिती बिघडवतात किंवा थांबवतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिन डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकरांना अडवते, रिफॅम्पिसिन आरएनए-निर्मिती रोखते, सल्फा औषधे फोलेट हे जीवनसत्त्व तयार होऊ देत नाहीत, कोलिस्टिन पेशीभोवतीचे पातळ पटल फाडते.

घाव कुठे बसतो हे ठाऊक असले, तरी मृत्यू नेमका कशाने येतो यावर वाद आहे. लक्ष्य कोणतेही असो, मारक प्रतिजैविकांमुळे पेशीत ऑक्सिजनची विध्वंसक मूलके (अतिक्रियाशील रेणू) तयार होतात आणि तीच जिवाणूला मारतात, असे प्रतिपादन २००७मध्ये झाले. २०१३मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ऑक्सिजन नसतानाही ही औषधे मारतात असे दाखवले. मूळ लक्ष्यावरील इजा हेच मुख्य कारण आणि मूलके फार तर दुय्यम, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चकती-प्रसरण पद्धत : जिवाणू सारवलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) औषध भिजवलेली कागदी चकती ठेवतात; औषध पसरून तिच्याभोवती वाढ न झालेले जे वर्तुळ पडते, ते मोजतात. या पद्धतीचे श्रेय पुष्कळ पुस्तके १९६६च्या बाउर, कर्बी, शेरिस व टर्क यांच्या लेखाला देतात. हे पूर्ण बरोबर नाही. अगारमधून पदार्थ पसरू देण्याचे तंत्र बेयरिंकने १८८९मध्येच वापरले होते. फ्लेमिंगने अगारमध्ये चर खोदून त्यात जंतुनाशक भरले. हीटलीने १९४०च्या सुमारास पेनिसिलीन मोजण्यासाठी नळकांड्या उभ्या केल्या, आणि गाळणकागदाच्या चकत्या १९४०च्या दशकातच वापरात आल्या. १९६६चे काम प्रमाणीकरणाचे आहे, शोधाचे नव्हे. परंतु त्यापूर्वी एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नसे, हे लक्षात घेता त्याचे मोल कमी होत नाही.

रीत अशी. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाला, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जिवाणू असे जुळवतात. ते कापसाच्या बोळ्याने म्युलर-हिंटन अगारवर तिन्ही दिशांनी सारवतात. अगारची जाडी ४ मिमी हवी. पातळ झाल्यास वर्तुळे फुगतात. ६ मिमी व्यासाच्या चकत्या १५ मिनिटांच्या आत ठेवून बशी ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास उबवतात. सकाळी बशी पालथी धरून, काळ्या पार्श्वभूमीवर, मागून पट्टी लावून वर्तुळ मोजतात. प्रोटियस हा पसरत वाढणारा जिवाणू असेल तर वर्तुळात तलम पापुद्रा चढलेला दिसतो, तो सोडून द्यावा लागतो. मात्र वर्तुळात ठळक अशी एकच वसाहत उगवलेली असली, तरी ती सोडायची नसते.

वर्तुळाची कड कोठे ठरते? औषध चकतीतून बाहेर पसरत जाते, त्याच वेळी जिवाणू वाढत असतात. पहिल्या काही तासांच्या या शर्यतीत वाढ दाट होण्याआधी औषधाची पुरेशी मात्रा जेथवर पोचते, तेथे कड पडते. म्हणून व्यास औषधाच्या ताकदीइतकाच त्याच्या पसरण्याच्या वेगावर अवलंबून असतो. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो अगारमध्ये नीट पसरत नाही; त्याची चाचणी चकतीने करत नाहीत, द्रवमाध्यमात उतरत्या मात्रा ठेवून किमान रोधक मात्रा, म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा, काढतात.

रिपोर्ट हातात पडल्यावर ‘ज्याचा आकडा मोठा ते औषध जोरदार’ असे समजणे हा सर्वांत सामान्य आणि धोक्याचा गैरसमज आहे. सीएलएसआय या अमेरिकी मानकसंस्थेनुसार मूत्रमार्गातील ई. कोलाय या जिवाणूसाठी नायट्रोफ्युरँटॉइनचे वर्तुळ १७ मिमी किंवा अधिक असले की ‘एस’, म्हणजे औषध लागू. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला त्यासाठी २६ मिमी लागतात आणि २१ किंवा कमी असल्यास ‘आर’, म्हणजे प्रतिरोधी. दोन्हींची वर्तुळे २० मिमीची आली, तर एक गोळी चालेल आणि दुसरी चालणार नाही.

सीमाभागातील व्यवहार : बेळगावात देवीची लस बनवणारा ब्रिटिशकालीन व्हॅक्सिन डेपो होता, १९६३मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यांतून नमुना शहरात आणणे हाच कळीचा मुद्दा आहे. उन्हाळी लागली म्हणून कणकुंबीच्या बाईने लघवीचा नमुना दिला, तर तो दोन तासांत बशीवर लावला पाहिजे किंवा थंड ठेवून आणला पाहिजे. अनुकूल स्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. त्या हिशेबाने दोन तासांत २,००० जिवाणूंचे १,२८,००० होतात. मिलिलिटरला एक लाख ही संसर्गाची रूढ सीमा असल्याने, ऊन खात एसटीतून आलेली बाटली नसलेला आजार दाखवू शकते. नमुना औषध सुरू होण्याआधी घेणेही तितकेच आवश्यक आहे. दोन गोळ्या पोटात गेल्यावर बशीवर काही उगवेलच असे नाही.

येथील रोगी बेळगावातून मिरज, कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळीला जातो, आणि जुना रिपोर्ट सोबत नेतो. सीएलएसआय व युकास्ट ही युरोपीय मानकसंस्था यांच्या सीमारेषा सर्वत्र जुळत नाहीत. ‘आय’ या अक्षराचा अर्थ तर युकास्टने २०१९पासून बदलला : ‘मधले, संदिग्ध’ असा पूर्वीचा अर्थ जाऊन ‘वाढीव मात्रेत लागू’ असा झाला. त्यामुळे एकच जिवाणू एका रिपोर्टवर ‘एस’ आणि दुसऱ्यावर ‘आय’ दिसू शकतो, जिवाणू तिळभरही बदललेला नसताना. रिपोर्टवर अक्षराशेजारी मिमीचा आकडा किंवा किमान रोधक मात्रा, आणि मानकाचे नाव व वर्ष छापलेले असेल, तर पुढच्या गावच्या डॉक्टरला तो नव्या सीमारेषांवर पुन्हा लावून पाहता येतो.