मेंदूच्या गाठींची वाढ आणि विकरे: एका शतकाच्या शोधाची पार्श्वभूमी

मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर तिचा जो तपासणी अहवाल तयार होतो, त्यात गाठीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात एवढेच आता लिहून भागत नाही. आयडीएच (आयसोसिट्रेट डिहायड्रोजनेज) या विकराचे जनुक बदललेले आहे की नाही, हेही पाहावे लागते, आणि प्रौढ रुग्णाच्या ग्लायोमाला (मेंदूतील आधारपेशींशी संबंधित गाठीला) कोणते नाव द्यायचे हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन असते. असे एक प्रथिन रोगाच्या नावातच कसे येऊन बसले, हे समजण्यासाठी सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागते. या काळात संशोधकांना एक फरक मोठी किंमत मोजून शिकावा लागला: गाठीत एखादे विकर भरपूर सापडणे वेगळे आणि गाठीची वाढ त्याच विकरावर अवलंबून असणे वेगळे.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओट्टो वारबुर्ग यांनी गाठींचे पातळ काप घेऊन त्यांचे श्वसन मोजले. प्राणवायू पुरेसा असतानाही या पेशी भरमसाट ग्लुकोज वापरतात आणि त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, असे त्यांना आढळले. पेशींचे श्वसनच बिघडल्यामुळे कर्करोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि अखेरपर्यंत तो सोडला नाही. (त्यांना १९३१ साली मिळालेले नोबेल पारितोषिक श्वसन विकरावरील कामासाठी होते, कर्करोगावरील कामासाठी नव्हे, या दोन गोष्टींची गल्लत अनेकदा होते.) हा निष्कर्ष पुढे बहुतेक गाठींबाबत टिकला नाही, कारण त्यांच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया (प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतील भाग) काम करत असतात. निरीक्षण मात्र टिकले. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच नव्या पेशीसाठी कच्चा मालही लागतो आणि ग्लुकोजच्या विघटनाच्या वाटेवर तो मिळतो. निरोगी प्रौढ मेंदूत या वाटेच्या आरंभी प्रामुख्याने हेक्झोकायनेज-१ हे विकर असते, तर ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमात हेक्झोकायनेज-२ वाढलेले दिसते. हेक्झोकायनेज ग्लुकोजला फॉस्फेट जोडून ते पेशीतच अडकवते, याचा उपयोग करून १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जोव्हानी दी कीरो यांच्या गटाने खुणेचे किरणोत्सारी ग्लुकोज देऊन ग्लायोमाचे पेट-स्कॅन केले. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के असलेला मेंदू एरवीही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, त्यामुळे या पार्श्वभूमीवर गाठ वेगळी ओळखणे सोपे नव्हते.

दरम्यान शल्यचिकित्सकांनी स्वतंत्रपणे दुसरा धडा घेतला होता. पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२६ साली ग्लायोमांचे वर्गीकरण केले, ते पेशींच्या रूपावरून. १९२८ साली वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांचा उजवा मस्तिष्कगोलार्ध काढला, तरी रोगाला कायमचा आळा बसला नाही. गाठीच्या पेशी दिसणाऱ्या सीमेपलीकडे आधीच पसरलेल्या असतात. या पसरण्याला कोणती विकरे वाट करून देतात, याचा धागा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. बेडकाच्या डिंभाची शेपटी जिरताना पेशींभोवतीचे कोलॅजन हे प्रथिन कापणारे विकर काम करते, हे जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ साली दाखवले आणि त्यातून मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज हे विकरांचे कुटुंब पुढे आले. त्यातील एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही ग्लायोब्लास्टोमात जास्त आढळल्यावर त्यांना रोखण्याची आशा वाटू लागली, पण मॅरिमास्टॅट या औषधाने ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे आयुष्य वाढले नाही.

कायनेजांची, म्हणजे इतर रेणूंवर फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकरांची, कथा यापेक्षा जास्त निराश करणारी आहे, कारण तिथे पुरावा भक्कम होता. पेशीला वाढीचा संदेश पोहोचवणारा ईजीएफआर हा ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावर संदेश स्वीकारणारे प्रथिन) स्वतःच टायरोसिन कायनेज प्रकारचे विकर आहे. ग्लायोब्लास्टोमात त्याच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या असतात, हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. आज असे सुमारे ४० टक्के गाठींत आढळते. १९९७ मध्ये दहाव्या गुणसूत्रावर पीटेन हे जनुक सापडले. त्यापासून बनणारे विकर याच संदेशाच्या वाटेवरचा फॉस्फेट काढून घेऊन तो थांबवते, आणि ग्लायोब्लास्टोमात ते अनेकदा नष्ट झालेले असते. म्हणजे वेग वाढवणारे विकर बळावलेले आणि आवर घालणारे हरवलेले. तरीही फुप्फुसाच्या काही कर्करोगांत गुणकारी ठरलेली एर्लोटिनिब आणि गेफिटिनिब ही औषधे इथे अपयशी ठरली. फुप्फुसाच्या त्या गाठींत ईजीएफआरचा बदल पेशीच्या आतील कायनेज भागात असतो, ग्लायोब्लास्टोमात तो बहुधा बाहेरच्या भागात असतो. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर औषधाला अडवतो आणि एकाच गाठीतील शेजारशेजारच्या पेशी वेगवेगळ्या ग्राहींवर विसंबून असतात.

उपचारांच्या दृष्टीने पहिला ठोस उपयोग झाला तो गाठ वाढवणाऱ्या नव्हे, तर तिला औषधापासून वाचवणाऱ्या विकराचा. टेमोझोलोमाइड हे औषध डीएनएतील ग्वानिनवर मिथिल गट चिकटवून पेशी मारते. एमजीएमटी हे दुरुस्तीचे विकर तो गट स्वतःवर ओढून घेते आणि त्यातच निकामी होते, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीला एक रेणू खर्ची पडतो. काही गाठींत या विकराच्या जनुकाचे नियंत्रक क्षेत्र मिथिल गटांनी बंद झालेले असते आणि मग पेशीजवळ दुरुस्तीचे साधन उरत नाही. २००५ साली रॉजर स्टुप यांच्या गटाने ५७३ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेल्याचे दाखवले. मोनिका हेगी यांनी त्याच चाचणीतील गाठी तपासल्या. एमजीएमटी बंद असलेल्या आणि दोन्ही उपचार मिळालेल्या रुग्णांत हे आयुर्मान २१.७ महिने होते.

आयडीएचचा शोध कोणी शोधत असताना लागलेला नाही, म्हणूनच तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील गटाने २२ ग्लायोब्लास्टोमा गाठींतील वीस हजारांहून अधिक जनुके वाचली आणि कर्करोगाशी कोणीही फारसे न जोडलेले आयडीएच-१ हे चयापचयाचे जनुक समोर आले. बदल जवळजवळ नेहमी १३२ व्या स्थानावरच होता, बहुतेकदा आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन. पुढच्याच वर्षी हा बदल दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या ॲस्ट्रोसायटोमा आणि ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या ग्लायोमाच्या प्रकारांपैकी ७० टक्क्यांहून अधिक गाठींत आढळला. तो असलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३१ महिने होते, नसलेल्यांचे १५.

सुरुवातीला वाटले की विकर फक्त निकामी झाले आहे. पण बदल इतक्या नेमक्या जागी आणि जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत का व्हावा, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. ते २००९ मध्येच मिळाले: बदललेले विकर आयसोसिट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट करण्याचे नेहमीचे काम सोडून त्या अल्फा-कीटोग्लुटारेटचे २-हायड्रॉक्सिग्लुटारेट बनवू लागते, आणि हा पदार्थ पेशीत प्रचंड साठतो. त्याच वर्षी अंजना राव यांच्या गटाने डीएनएवरील मिथिल गटात बदल घडवणाऱ्या टेट विकरांचे काम उलगडले होते. टेट विकरांना अल्फा-कीटोग्लुटारेट लागते आणि त्याच्याशी विलक्षण साम्य असलेले २-हायड्रॉक्सिग्लुटारेट टेट विकरांमधली त्याची जागा अडवते. परिणामी डीएनएवर मिथिल गट साचत जातात आणि पेशी परिपक्व होऊ शकत नाही. निरोगी ॲस्ट्रोसाइट पेशींत (मेंदूतील तारकाकार आधारपेशींत) केवळ हा एक बदल घातला तरी गाठीसारखीच मिथिल गटांची ठेवण तयार होते, हे २०१२ मध्ये दिसून आले. हा बदल गाठीच्या अगदी आरंभी होत असल्याने तो सहसा तिच्या सर्व पेशींत असतो. ईजीएफआरच्या वाढीव प्रतींबाबत असे म्हणता येत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणात आयडीएचला स्थान दिले आणि २०२१ मध्ये ग्लायोब्लास्टोमा हे नाव हा बदल नसलेल्या गाठींपुरतेच राखले. व्होरासिडेनिब हे औषध बदललेल्या विकरालाच अडवते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या, दुसऱ्या श्रेणीच्या गाठी असलेल्या ३३१ रुग्णांच्या चाचणीत गाठ पुन्हा वाढू लागण्याआधीचा मध्यम काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आयडीएच न बदललेल्या ग्लायोब्लास्टोमात मात्र हे औषध लागू नाही. तिथे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हाच उपचारांचा मुख्य आधार आहे आणि त्याचा किती उपयोग होईल याचा अंदाज बांधताना डॉक्टर आजही एमजीएमटीचीच तपासणी पाहतात.