भित्यापाठी ब्रह्मराक्षस: हॉरर गेममधली धास्ती कशी घडवतात

ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर ‘पी.टी.’ नावाचा एक छोटासा गेम फुकट आला. त्यात करायचं काय, तर घरातला काटकोनात वळणारा एक बोळ चालत जायचा. टोकाचं दार उघडलं की पुन्हा त्याच बोळाच्या सुरुवातीला. हातात शस्त्र नाही. चालायचं आणि जरा निरखून पाहायचं, बस. एप्रिल २०१५ मध्ये कोनामी या कंपनीने तो ऑनलाइन दुकानातून काढूनही टाकला, तरी हॉररप्रेमींच्या गप्पा आजही त्याच्यावर येऊन थांबतात. २०१९ मध्ये एका जाणकाराने गेमचा कॅमेरा खेळाडूपासून सोडवला आणि मागे फिरवून पाहिलं. बॅटरी हाती आल्यापासून लिसा नावाचं त्यातलं भूत खेळाडूच्या पाठीला चक्क जोडून ठेवलेलं होतं! आपण चाललो की तेही चालतं, वळलो की आपल्याबरोबर वळतं, त्यामुळे एरवी नजरेला पडत नाही. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण कुणीतरी कोडमध्ये उतरवावी, तसा प्रकार.

हा गेम खेळलेली माणसं सांगतात की भूत दिसलं त्यापेक्षा ते दिसत नव्हतं तेव्हा जास्त फाटली होती. या लेखाचा विषय तोच आहे: चाहुलीची भीती. ती योगायोगाने होत नाही. उजेड, आवाज आणि माहिती मोजूनमापून दिली की ती तयार होते.

मराठीत दचकणं, घाबरणं आणि धास्तावणं हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि मेंदूच्या अभ्यासकांनाही असाच फरक करावा लागतो. अचानक मोठा आवाज झाला की मान खांद्यात जाते, डोळे मिटतात. ही दचक मेंदूच्या देठातून परस्पर होते. पापणी साधारण ४० मिलिसेकंदांत मिटते, तिथे विचाराला वावच नसतो. समोर धोका दिसतो आहे तेव्हाची भीती वेगळी. आणि धोका आहे की नाही, असला तर कुठून येणार, हेच कळत नसताना पोटात बसून राहते ती धास्ती. मेंदूचे अभ्यासक मायकेल डेव्हिस यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असं दिसलं की क्षणिक भीतीत अमिग्डला हा मेंदूतला भाग पुढे असतो, तर लांबलेल्या धास्तीत त्याच्या शेजारचा ‘बेड न्यूक्लियस’ हा भाग जास्त गुंततो. माणसात ही वाटणी इतकी काटेकोर नाही, दोन्ही भाग पुष्कळदा मिळूनच काम करतात. तरी गेम बनवणाऱ्याला यातलं एक बरोबर ठाऊक असतं: दचक स्वस्तात मिळते आणि दोन-चार वेळा वापरली की बोथट होते. धास्ती टिकते, पण ती घडवायला कष्ट पडतात.

लंडनमध्ये २००७ साली झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. डीन मॉब्ज आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पॅकमॅनसारखा भुलभुलैया खेळायला दिला. मागे एक शिकारी ठिपका लागलेला. त्याने पकडलं की हाताला खराखुरा विजेचा झटका. ठिपका लांब होता तोवर कपाळामागचा भाग, म्हणजे बेत आखणारा मेंदू, जास्त सक्रिय होता. ठिपका अंगावर येऊ लागला तसं काम मध्यमेंदूतल्या ‘पेरिअक्विडक्टल ग्रे’ या भागाकडे सरकलं. तिथे बेत नसतो, पळ किंवा गोठून जा एवढंच असतं. चांगला हॉरर गेम खेळाडूला या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात जितका वेळ ठेवता येईल तितका ठेवतो. राक्षस इतका लांब की विचार करता यावा, आणि इतका जवळ की विचार नीट होऊ नये.

दुसरा प्रयोगही लंडनचाच, २०१६ चा, आणि तोही गेमच. पडद्यावर दगड दिसायचे, ४५ स्वयंसेवकांनी दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं. साप निघाला की हाताला झटका. घामावरून आणि डोळ्यातल्या बाहुलीच्या आकारावरून ताण मोजला, तर झटका बसणारच हे पक्कं माहीत असताना ताण कमी आणि शक्यता निम्मी-निम्मी असताना सर्वांत जास्त! ‘असेल किंवा नसेल’ हे ‘आहे’पेक्षा वाईट.

आता १९९९ चा ‘सायलेंट हिल’ हा गेम घ्या. मूळ प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट, चित्रासाठी आणखी १. एवढ्यात अख्खं शहर लांबवर दाखवणं अशक्य होतं. रस्त्यावर थोडं पुढे गेलं की इमारती एकाएकी उगवलेल्या दिसल्या असत्या. म्हणून गेम बनवणाऱ्यांनी धुकं टाकलं. नड होती, पण तिचं सोनं झालं. धुक्यामुळे दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि त्याच वेळी खिशातला रेडिओ खरखरू लागतो. काहीतरी जवळ आहे हे रेडिओ सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. अर्धी माहिती. सापाच्या दगडासारखीच. पुढे भरपूर मेमरी असलेली यंत्रं आली तरी धुकं गेलं नाही, ते त्यामुळेच. अनेक नकलांत मात्र फक्त धुकं असतं, रेडिओसारखं काही नसतं. तिथे खेळाडू धास्तावत नाही, वाट चुकतो आणि वैतागतो.

डोळ्याला कमी दिलं की कान पुढे येतात. अंधारात माणूस जास्त जोरात दचकतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. वाढत जाणारा आवाज आपल्याला तितकाच कमी होत जाणाऱ्या आवाजापेक्षा जास्त बदलल्यासारखा वाटतो, कारण येणारी वस्तू जाणाऱ्या वस्तूपेक्षा कायमच महत्त्वाची. किंकाळीत आणखी एक खुबी असते. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते, किंकाळीत मात्र ३० ते १५० वेळा. या खरबरीतपणाला अमिग्डला प्रतिसाद देतो, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. हॉररमधले घासलेल्या लोखंडाचे, ताणलेल्या तारांचे आवाज याच पट्ट्यात चांगले बसतात. याउलट १९ हर्ट्झच्या ऐकू न येणाऱ्या आवाजाची ख्याती जरा फुगवलेली आहे. कॉव्हेंट्रीच्या एका प्रयोगशाळेतल्या पंख्यामुळे तो निर्माण होऊन लोकांना अस्वस्थ वाटत होतं, असं विक टँडी यांनी १९९८ मध्ये लिहिलं. नंतरच्या प्रयोगांत त्याला ठोस दुजोरा मिळाला नाही, आणि घरच्या बहुतेक स्पीकरमधून १९ हर्ट्झ नीट निघतही नाही. खरं हत्यार साधं असतं. खोलीची सतत चाललेली बारीक घरघर एकदम बंद करायची. शांतता झाली की खेळाडू आपसूक कानोसा घेतो, स्वतःची पावलंही हळू टाकू लागतो.

हे सगळं एकाच ठिकाणी पाहायचं तर स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा ‘अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) काढावा. त्यातलं पाणी भरलेलं तळघर घ्या. इथला राक्षस दिसतच नाही. दिसतात त्या पाण्यात उमटणाऱ्या पावलांच्या चुबुकचुबुक लाटा, एकेक करत आपल्याकडे येणाऱ्या. खोके, कठडे तरंगत किंवा टेकून पडलेले आहेत. त्यांच्यावर चढून राहिलं तर तो गोंधळतो. पुढच्या दारापर्यंत पोचायला मधे पाण्यात उतरावंच लागतं. सापडलेला मांसाचा तुकडा विरुद्ध कोपऱ्यात फेकला की लाटा तिकडे वळतात आणि आपल्याला काही सेकंद मिळतात. त्या सेकंदांत चाक फिरवून दार उघडायचं. हात थरथरतो, माऊस भलतीकडे जातो. राक्षसाची आकृती नाही, दात नाहीत, रक्त नाही. पाण्यावरचा एक परिणाम आणि आवाज एवढ्या भांडवलावर हा प्रसंग उभा आहे. या गेमच्या उरलेल्या भागातही असाच पेच: अंधारात उभं राहिलं तर पात्राचं भान सुटू लागतं, दिवा लावला तर राक्षसाला आपण दिसतो. दिव्याचं तेल आणि चकमकीच्या डब्या मोजक्याच. खिशात काहीच उरलं नाही तर खेळाडू बेफिकीर होतो, भरपूर असलं तर निर्धास्त. दोन डब्या उरल्या आहेत, तेव्हाच खरी गंमत.

राक्षसाने वागायचं कसं, याचा सर्वांत बारकाईने केलेला विचार मला ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये (२०१४, क्रिएटिव्ह असेंब्ली) दिसतो. तिथे एलियनला दोन मेंदू आहेत. एक त्याचा स्वतःचा: जे दिसलं, जे ऐकू आलं तेवढंच त्याला कळतं. दुसरा वर बसलेला सूत्रधार. खेळाडू नेमका कुठे आहे हे सूत्रधाराला सतत माहीत असतं, पण तो एलियनला पत्ता देत नाही, ‘त्या भागात जाऊन बघ’ एवढाच इशारा करतो. शोधायचं काम एलियनचं. त्यामुळे तो जवळपास घुटमळतो, पण थेट कपाटाचं दार उघडून उभा राहत नाही. सूत्रधाराकडे ताणाची एक मोजपट्टीही आहे. एलियन खेळाडूजवळ किंवा त्याच्या नजरेत जितका वेळ राहील तितकी ती भरत जाते, आणि पुरती भरली की त्याला छतातल्या हवेच्या नळांत परत पाठवलं जातं. खेळाडूला वाटतं, आपण वाचलो. वास्तविक त्याला श्वास घ्यायला वेळ दिलेला असतो, कारण सलग ताण दिला की माणूस सुन्न होतो आणि मग काहीच भिववत नाही. आगीच्या झोताने एलियन पळतो, पण वारंवार वापराल तसा तो त्याला कमी बिचकतो. ‘हे केलं की सुटलो’ असा नियम खेळाडूच्या हाती लागू नये, ही खबरदारी. गेम जतन करायलाही भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून तीन दिवे लागेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि त्या काही सेकंदांत मागून मारलं जाऊ शकतं. बाकी गेममध्ये सुटकेचा असणारा क्षणही इथे पणाला लागतो.

सिनेमाशी फरक इथेच पडतो. पडद्यावरची बाई तळघरात जाते तेव्हा आपण ‘अगं, नको जाऊ’ म्हणतो. गेममध्ये आपण अंगठा पुढे ढकलल्याशिवाय कुणीच कुठे जात नाही. दारापाशी दहा मिनिटं थांबलात तर गेमही दहा मिनिटं थांबतो. पाऊल आपलं, म्हणून जबाबदारीही आपली.

मग पैसे देऊन हे करून घ्यावंसं का वाटतं? डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठात गमतीखातर घेतलेल्या भीतीचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळाच आहे. त्यांनी वायले इथल्या एका भीतिगृहात ११० जणांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की भीती वाढते तशी मजा वाढते, पण एका टप्प्यानंतर उतरते. आलेख उलट्या ‘यू’सारखा. हा टप्पा प्रत्येकाचा वेगळा, म्हणून मित्राला थरारक वाटलेला गेम तुम्हाला एक तर कंटाळवाणा वाटेल किंवा असह्य. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी अशा आवडीला निरुपद्रवी आत्मपीडेचं नाव दिलं, आणि त्यांचं लाडकं उदाहरण मिरचीचं होतं. जीभ ‘भाजलं’ म्हणून ओरडते, मेंदूला माहीत असतं की काही भाजलेलं नाही, आणि या विसंगतीतच चव असते. नाकातून पाणी गळत असताना भाकरीवर आणखी ठेचा घेणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. शिवाय धोका टळला तरी धडधड लगेच ओसरत नाही. ती उरलेली धडधड सुटकेच्या आनंदाला जोर देते, असं मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी मांडलं होतं.

एवढं मोजूनमापून बनवलेलं काम घरच्या टीव्हीच्या एका चुकीच्या सेटिंगने वाया जातं, म्हणून थोडं तेही. सुरुवातीला गेम एक चिन्ह दाखवून ते ‘जेमतेम दिसेल’ इतका ब्राइटनेस ठेवायला सांगतो. ते ज्या उजेडात खेळणार त्याच उजेडात करा. दुपारी लावलेला ब्राइटनेस रात्री सगळा अंधार राखाडी करून टाकतो. टीव्हीचं गेम मोड चालू ठेवा, आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारे पर्याय बंद. कन्सोलची एचडीएमआय रंगश्रेणी ‘फुल’ आणि टीव्हीची ‘लिमिटेड’ असेल तर अंधारातला तपशील साफ बुडतो. उलट असेल तर काळा रंग धुरकट दिसतो. दोन्हीकडे एकच ठेवा. चित्रावरचे बारीक दाणे काढून टाकायचा मोह होतो, पण अंधाऱ्या भिंतीवर उमटणारे रंगांचे पट्टे तेच झाकत असतात.

हेडफोन हवेतच, आणि शक्यतो वायरचे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. दार आपटलेलं आधी दिसतं आणि मग ऐकू येतं, तिथे जादू संपते. गेमचा त्रिमितीय आवाज चालू असेल तर कन्सोलचा किंवा विंडोजचा बंद करा. दोन्ही लावले की पावलं समोरून येताहेत की मागून, ते कळेनासं होतं. टीव्हीचा ‘नाइट मोड’ आवाजाची चढउतार सपाट करतो, तोही नको. आवाज साध्या संवादावर बेताचा लावून तसाच ठेवा. कुजबुज ऐकू येत नाही म्हणून वाढवलात तर पुढची किंकाळी थेट कानाच्या पडद्यावर बसेल, आणि गेमची नेमकी तीच अपेक्षा असते.

मळमळत असेल तर दोष भीतीचा नसतो. दृष्टिक्षेत्र, म्हणजे एफओव्ही, ८५-९० अंशांपर्यंत वाढवा, चालताना डोकं हलण्याचा आणि मोशन ब्लरचा, म्हणजे हालचालीत चित्र पुसट करण्याचा, पर्याय बंद करा. आणि एकाच जागी तीनदा मेलात तर गेम बंद करून उद्या बसा. चौथ्या वेळी तो राक्षस राहत नाही. डावीकडून येतो, सहा सेकंद थांबतो, मग वळतो, असं एक वेळापत्रक होतं.