खोक्यावर ३२००, आत २१३३

दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. फराळाचं ताट हातात पडायच्या आधीच भाच्याने खोलीत ओढून नेलं. "मामा, गेम अडकतोय. बघ ना जरा." पीसी दीड वर्षापूर्वी असेंबल करून घेतलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक केलं, तर स्पीडपुढे २१३३. रॅमचा, म्हणजे पीसीच्या कामचलाऊ मेमरीचा, रिकामा खोका पठ्ठ्याने पुस्तकांच्या कपाटात शोभेला मांडून ठेवला होता. त्यावर ठळक अक्षरांत ३२००.

"म्हणजे दुकानदाराने फसवलं!"

फसवलं कोणीच नव्हतं. बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममधली, एक सेटिंग सुरू करायची राहिली होती, एवढंच.

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर मेमरीच्या मोठ्या काळ्या चिपांखेरीज आणखी एक इवलीशी चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४ या पिढीच्या रॅमच्या स्टिकमध्ये तिच्यात जेमतेम ५१२ बाइट माहिती मावते, पण स्टिकची अख्खी कुंडली त्यात असते. पीसी सुरू झाला की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, आधी ही कुंडली वाचतो. तिच्यात वेग दोन प्रकारे लिहिलेले असतात. पहिले जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत बसणारे, १.२ व्होल्टवर चालणारे. दुसरा कंपनीचा स्वतःचा दावा: १.३५ व्होल्ट द्या, अमुक टायमिंग ठेवा, मी ३२०० ने पळेन. या दाव्याची पद्धत इंटेलने २००७ साली डीडीआर३ च्या काळात आणली, तिचं नाव एक्सएमपी. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी स्वतःची एक्स्पो काढली.

हा दुसरा प्रकार म्हणजे खरं तर ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्या मानकापेक्षा जास्त वेगाने पळवणं. आपण होकार दिल्याशिवाय मदरबोर्ड तिकडे फिरकत नाही. गंमत अशी, की जेडेकच्या यादीतही डीडीआर४ साठी ३२०० आहेच. त्यामुळे पत्र्याचं कवच नसलेली साधी हिरवी स्टिक कित्येकदा लावल्या लावल्या ३२०० ला धावते, आणि तिच्याहून महाग, दिव्यांची रोषणाई असलेली गेमिंग स्टिक २१३३ वर बसून राहते.

मग मदरबोर्ड एवढा भित्रा का? त्याचं उत्तर स्टिकमध्ये कमी आणि रस्त्यात जास्त आहे.

स्टिकच्या आत प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कणभर साठा धरणारा एक कपॅसिटर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं. साठा गळका असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळे कप्पे पुन्हा भरावे लागतात. एवढ्याशा साठ्यातून शून्य की एक हे ओळखायला वेळ लागतो आणि तो वेळ गेल्या कित्येक वर्षांत फारसा घटलेला नाही. ३२०० च्या सीएल१६ स्टिकला (सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे घड्याळाचे ठोके) त्यासाठी १० नॅनोसेकंद लागतात. ३६०० च्या सीएल१८ लाही तेवढेच. वाढला आहे तो बाहेर पडलेला डेटा प्रोसेसरपर्यंत वाहून नेण्याचा वेग.

आणि खरी कसरत तिथेच आहे. ३२०० म्हणजे एकेका तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट. एका बिटच्या वाट्याला ३१२ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच जातो, बोर्डवरच्या तांब्यातला संकेत त्याच्या साधारण निम्मा. अशा ६४ तारा एकाच वेळी डेटा नेतात. एखादी तार सेंटिमीटरभर लांब असली तरी तिचा बिट मागे पडतो. मदरबोर्ड उजेडात तिरका धरून प्रोसेसर आणि रॅमच्या स्लॉटमधली जागा बघा. काही तारा उगीचच नागमोडी गेलेल्या दिसतील. उगीच नाही, जवळच्या तारेला मुद्दाम लांबचा फेरा दिलेला असतो.

एवढं करूनही फरक उरतोच. म्हणून सुरू होताना पीसी मेमरीची तालीम घेतो. ठरलेला नमुना लिहायचा, परत वाचायचा, चुकला तर त्या तारेचं टायमिंग केसभर सरकवायचं. ढोलपथकात लय वाढली की जसा मागच्या रांगेतला एखादा आधी चुकतो, तसं इथेही होतं. डीडीआर५ च्या पीसीत पहिल्यांदा ही तालीम काही मिनिटंही चालते. अनेकजण तेवढ्यात घाबरून बटण दाबून पीसी बंद करतात.

भाच्याच्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून मी सेव्ह केलं. स्क्रीन काळी. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. "मामा, बिघडवलास तू!" तिसऱ्या खेपेला विंडोज उघडलं आणि टास्क मॅनेजरने ३२०० दाखवलं. एका चॅनलची, म्हणजे ६४ तारांच्या एका रस्त्याची, क्षमता सेकंदाला १७ गीगाबाइटवरून २५.६ वर गेली. चित्रं काढायलाही हीच मेमरी वापरणाऱ्या त्याच्या पीसीत गेमचा अडखळेपणा लगेच कमी झाला. नुसतं ब्राउझर आणि एक्सेल वापरणाऱ्याला मात्र यातलं काहीही जाणवणार नाही.

मग त्याने पीसीच्या भागांची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं आणि पुन्हा चेहरा पडला, तिथे १६०० दिसत होतं. तेही बरोबरच. डीडीआर मेमरी करवतीसारखी, जातानाही कापते आणि येतानाही. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा, म्हणून १६०० चे ३२००.

सगळ्यांचं काम इतक्यात भागत नाही. २०२० च्या इंटेलच्या एच४१० आणि बी४६० बोर्डांवर प्रोसेसर बघून २६६६ किंवा २९३३ च्या पुढे जाताच येत नाही. बी मालिकेला ती मुभा २०२१ च्या बी५६० पासून मिळाली. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक बहुतेकदा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. आणि एक्सएमपी लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट ही मेमरी तपासणारी चाचणी चालवावी, कारण मेमरीची चूक दरवेळी निळी स्क्रीन दाखवून येत नाही, कधी ती गुपचूप एखादी फाइल खराब करून जाते. चूक सापडलीच तर ३२०० चं ३००० करण्यात कमीपणा नाही.

निघताना भाचा म्हणाला, "रिकाम्या दोन स्लॉटमध्ये अजून दोन टाकू?" मी नको म्हटलं. चार स्टिक म्हणजे त्याच तारांवर दुप्पट ओझं. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांचा डीडीआर५ साठीचा अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२०० आणि चारला ३६०० आहे, यावरूनच काय ते समजावं. त्यापेक्षा आठ-आठ जीबीच्या दोन विकून सोळा-सोळाच्या दोन घे, असं सांगितलं. खोका जपलेला आहेच, विकताना बरा भाव येईल.