गरोदरपणातील हिवताप

प्लाझमोडियम वंशाच्या परजीवींमुळे गरोदर स्त्रीला होणारा हिवताप. ॲनॉफिलिस डासाच्या मादीच्या चाव्यातून तो होतो. या परजीवींपैकी आई आणि गर्भ दोघांनाही सर्वांत घातक ठरतो तो फॅल्सिपेरम.

फॅल्सिपेरम वारेत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवात (प्लॅसेंटा), दडून बसतो. बाधित तांबड्या पेशींवर व्हीएआर२सीएसए नावाचे प्रथिन असते. ते वारेतील काँड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटते. अशा पेशी तिथे साचल्या की दाह होतो आणि गर्भाला मिळणारा प्राणवायू व पोषण घटते. बोटातून घेतलेल्या रक्तात परजीवी सापडला नाही, तरी वार त्यांनी भरलेली असू शकते. अंगात तापही नसतो कित्येकदा.

आफ्रिकेत लहानपणापासून हिवताप अंगवळणी पडलेल्या स्त्रियाही पहिल्या खेपेला त्याला बळी पडतात, त्याचे कारण हेच. वार प्रथमच तयार होत असल्याने या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शरीरात नसतात. पुढच्या खेपांना ती वाढत जातात. भारतात बहुतेक भागांत प्रसार कमी, म्हणून मुळात प्रतिकारशक्तीच तोकडी. त्यामुळे केवळ पहिलटकरणीच नव्हे, कोणत्याही खेपेची गर्भार स्त्री गंभीर आजारी पडू शकते. रक्तातील साखर एकाएकी घसरते, फुप्फुसांत पाणी साचते. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात आधीच रक्तक्षय असलेल्या बाईला हा आजार आणखी खचवतो. गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ हे गर्भावरील मुख्य परिणाम.

आफ्रिकेतील जास्त प्रसाराच्या भागांत दुसऱ्या तिमाहीपासून किमान एक महिन्याच्या अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे हिवताप टाळण्याचे औषध देतात. त्यासोबत फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी चालत नाही, कारण तिने औषधाचा प्रभाव कमी होतो, ०.४ मिलिग्रॅमची चालते. औषधभारित मच्छरदाणी मात्र सगळीकडेच हवी.

प्लाझमोडियमची दुसरी जात व्हायव्हॅक्स यकृतात सुप्तावस्थेत राहून पुन्हा उलटतो. तो मुळापासून काढणारे प्रायमाक्विन गरोदरपणात वर्ज्य आहे, कारण गर्भात जी-६-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता असल्यास त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आईकडून थेट लागण झालेल्या नवजाताला मात्र प्रायमाक्विनची गरजच नसते: त्याच्याकडे परजीवी रक्तातून आलेला असतो, यकृतातली अवस्था घडलेलीच नसते.