द्राक्षरसाचे इंधनासाठी किण्वन

द्राक्षरसातील साखर यीस्टकडून आंबवून आणि तो द्रव ऊर्ध्वपातित करून जैवइथेनॉल मिळवण्याची प्रक्रिया. वाइन आणि पाव करणारे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी हेच यीस्ट इथेही वापरतात, पण वाइनचे बरेचसे संकेत इथे गैरलागू ठरतात. पांढरी वाइन सुगंध टिकावा म्हणून १२ ते १८ अंश सेल्सियसला सावकाश आंबवतात. इंधनाला वासाशी देणेघेणे नाही. साखर लवकर आणि पुरती संपली पाहिजे. म्हणून तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवतात. ३५ च्या वर अल्कोहोलच यीस्टला बाधू लागते.

१०० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धान्ततः ५१.१ ग्रॅम इथेनॉल मिळते. प्रत्यक्षात काही साखर यीस्टच्या वाढीत आणि ग्लिसरॉलमध्ये जाते. लिटरमागे २०० ग्रॅम साखर असलेला रस ९० टक्के कार्यक्षमतेने आंबला, तर सुमारे ११६ मिलिलिटर इथेनॉल हाती येते.

खरी अडचण शेवटी येते. टाकीतला फेस बसतो, बुडबुडे थांबतात, तरी रस चाखला तर गोडच! द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास निम्मे-निम्मे असतात; यीस्ट आधी ग्लुकोजवर ताव मारते आणि फ्रुक्टोज मागे उरते. तोवर अल्कोहोल चढलेले असते आणि यीस्ट दमलेले. उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन लिटरमागे साधारण १४० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर डायअमोनियम फॉस्फेट घालतात. पहिल्या काही तासांत हवाही खेळवतात, कारण अल्कोहोल सोसणारे पेशीपटल घडवायला लागणारी स्टेरॉले ही मेदद्रव्ये यीस्टला ऑक्सिजनशिवाय बनवता येत नाहीत. यीस्टचे विरजण भरपूर आणि जोमदार हवे, हे ओघाने आलेच. बागेत डाऊनी (केवडा) रोगासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणातील, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यातील, तांबे रसात जास्त उतरले, तर यीस्टची वाढ खुंटते. पोषणाची कसर नसताना किण्वन रखडले, तर संशय फवारणीवरही घ्यावा.

साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल ९५.६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी उरलेले पाणी आण्विक चाळणीने, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या सूक्ष्मछिद्री पदार्थाने, काढतात.

टनभर द्राक्षांतून ७०० लिटर रस धरला, तर वरच्या हिशेबाने ८० लिटरांच्या आसपास इथेनॉल मिळते. टनभर उसाच्या रसातून ते सुमारे ७० लिटर मिळते, म्हणजे उतारा वाईट नाही. आडवा येतो तो भाव. नाशिकच्या निर्यातक्षम घडांचे इंधन करणे आतबट्ट्याचेच. विचार करण्याजोगा माल म्हणजे अवकाळी पावसात तडकलेले मणी, आणि तेही लगेच गाळले तर. उशीर झाल्यास ॲसेटिक जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करून टाकतात. युरोपात शिल्लक वाइनही ऊर्ध्वपातनाला जाते; २०२३ मध्ये फ्रान्सने त्यासाठी २० कोटी युरोंची तरतूद केली होती. वाइन करताना उरलेल्या चोथ्यातूनही इथेनॉल काढता येते; त्याचे मात्र दोन प्रकार आहेत. लाल वाइनचा चोथा रसाबरोबरच आंबलेला असतो, तो थेट ऊर्ध्वपातनाला जातो. पांढऱ्या वाइनचा चोथा आधीच पिळून वेगळा काढलेला असल्याने त्यात साखर तशीच असते. ती पाण्याने धुऊन काढून आंबवावी लागते.