सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग हे काय? कायिक लक्षण विकृती आणि विघटनशील विकृती

अपसामान्य मानसशास्त्राच्या पुस्तकांत या दोन विकृती बहुतेक वेळा एकाच प्रकरणात, शेजारी शेजारी येतात. त्यामुळे पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ आलं की मुलं एका ओळीत मोकळी होतात: पहिलीत शरीर दुखतं, दुसरीत आठवण जाते. दरवर्षी पेपर तपासताना मी हेच वाचते. मग वर्गात विचारते, तपासणीत काही दोष सापडला नाही आणि तरी एखादीचा उजवा हात लुळा पडला, तर तिला कुठे बसवाल? हात तर शरीराचाच. वर्ग गप्प होतो. त्यात मुलांची चूक नाही, या प्रश्नावर मानसिक आजारांच्या जगातल्या दोन मोठ्या वर्गीकरणांचंही जमलेलं नाही. त्याकडे येतेच, पण आधी दोन माणसांबद्दल सांगते. शिकवण्याबरोबर मी आठवड्यातले दोन दिवस कोल्हापुरातच एका मनोविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत बसते, तिथली ही माणसं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

राजारामपुरीतल्या एक काकू, पन्नाशी उलटलेल्या. तीन वर्षांपासून पोटात डाव्या बाजूला कळ. आल्या त्या कापडी पिशवी घेऊन. पिशवीत सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सीटी स्कॅन आणि रक्ताचे रिपोर्ट, सगळे तारखेवार टाचलेले. सोबत शाळेची दोनशे पानी वही. सकाळी उठल्यावर किती दुखलं, भात खाल्ला तेव्हा किती, भाकरी खाल्ली तेव्हा किती, पोट साफ झालं की नाही, सगळं त्यात टिपलेलं. बोलताना दोन बोटं सतत त्याच जागेवर दाबलेली. सून सांगत होती, नवरात्रात अंबाबाईला जायचं सुद्धा सोडलंय, रांगेत कळ आली तर काय करायचं म्हणून. आधीच्या एका डॉक्टरांनी ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. त्यावर काकूंनी मला विचारलं, “रिपोर्टात न्हाई म्हणून माझ्या पोटात न्हाई व्हय?”

त्यांचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि 2013 साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली तेव्हा तिनेही तो मान्य केला. तोवर ‘वैद्यकीय कारण सापडत नाही’ हा अशा निदानाचा मोठा आधार होता. तो काढून टाकला. आता कायिक लक्षण विकृती ठरवताना लक्षणाचं कारण सापडलं की नाही याला तेवढं महत्त्व उरलेलं नाही. त्रास देणारं किमान एक शारीरिक लक्षण हवं, आणि त्याच्याभोवती विचार, काळजी किंवा वेळ प्रमाणाबाहेर गुंतलेला हवा, साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त काळ. म्हणजे एखाद्याला खरोखर अल्सर असेल, अँजिओप्लास्टी झालेली असेल, तरीही त्याला ही विकृती असू शकते. उलट रिपोर्ट नॉर्मल आला एवढ्यावरून हे निदान होत नाही.

हे घडतं कसं, ते काकूंच्या त्या दोन बोटांवरून कळतं. आपल्या आतड्यांत दिवसभर काही ना काही चालू असतं, मेंदू त्यातलं बहुतेक आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. एका जागेवर पहारा बसवला की तिथली बारीक हालचालही आत पोचते. ती पोचली की धसका बसतो. धसक्याने आतडी आणि पोटाचे स्नायू आवळतात, कळ वाढते, मग पहारा आणखी कडक होतो. प्रत्येक नव्या टेस्टने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी ‘त्यात दिसलं नसेल तर?’ सुरू होतं. ज्यांना लक्षण जवळजवळ नसतंच पण आजाराची भीतीच पोखरते, मोबाईलवर रात्र रात्र कॅन्सर शोधत बसतात, त्यांचं निदान वेगळं असतं, आजारचिंता विकृती. तो विषय इथे वाढवत नाही.

आता दुसरी. शिरोळकडची कॉलेजात जाणारी मुलगी, दोन वर्षं ‘फिट’च्या गोळ्या खाणारी. त्याआधी देवऋषी झाला होता, ‘बाहेरचं आहे, नरसोबाच्या वाडीला न्या’ असं सांगून झालं होतं, तेही घरच्यांनी केलं होतं. भावाने मोबाईलमध्ये एक झटका टिपला होता. ती चटईवर आडवी, डोळे घट्ट मिटलेले, मान डावीकडे उजवीकडे, कंबर धनुष्यासारखी उचललेली. मध्येच हालचाल थांबते, पुन्हा सुरू होते. आजी फोडलेला कांदा नाकाशी धरते, काका चप्पल घेऊन येतो. अकरा मिनिटं हे चाललं होतं. अपस्माराच्या, म्हणजे खऱ्या फिटच्या आजाराच्या, मोठ्या झटक्यात सहसा डोळे उघडे असतात, एक ते तीन मिनिटांत तो ओसरतो, जीभ कडेला चावली जाते. पण कुठल्याही एका खुणेवर निकाल देऊ नये. खात्री करायला मेंदूच्या लहरी आणि कॅमेरा एकाच वेळी चालू ठेवून झटका टिपावा लागतो, त्याला व्हिडिओ ईईजी म्हणतात. तिच्या झटक्यात अपस्माराच्या लहरी नव्हत्या. काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात, म्हणून चालू गोळ्या घरच्या घरी बंद करणं धोक्याचं.

काय होतं विचारल्यावर ती म्हणाली, विहिरीत बुडी मारल्यावर वरची माणसं बोलताना ऐकू येतात ना, तसं आधी सगळं लांब जातं, मग हात माझे नसल्यासारखे होतात. विघटन म्हणजे नेमकं काय, ते तिने वर्गात मी देते त्या व्याख्येपेक्षा चांगलं सांगितलं. आठवण, आपण कोण याची जाणीव, स्पर्श, हालचाल, भान हे सगळे पेड एरवी एका वेणीत असतात. विघटनात एखादा पेड सुटतो. सौम्य रूपात हे सगळ्यांनाच होतं: कागलहून गाडी चालवत येताना गोकुळ शिरगाव कधी मागे पडलं ते आठवत नाही, तेवढंच. आजारात मात्र आयुष्यातला एखादा तुकडाच आठवेनासा होतो, किंवा स्वतःकडे काचेपलीकडून बघितल्यासारखं वाटत राहतं, क्वचित एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी आलटून पालटून पुढे येतात. आणि कधी सुटलेला पेड हालचालीचा असतो. मग पाय उचलत नाही, वाचा बसते, झटके येतात.

लुळ्या हाताची अडचण इथेच आहे. पूर्वी हे सगळं ‘हिस्टेरिया’ या एका नावाखाली होतं. ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलेलं हे नाव बायकांना फार काळ चिकटलं. 1889 मध्ये पियेर जाने या फ्रेंच विचारवंताने विघटनाची कल्पना मांडली, फ्रॉइडने ‘मनातला संघर्ष शरीरात रूपांतरित होतो’ असं म्हटलं. 1980 साली अमेरिकन पुस्तिकेने हिस्टेरियाची फाळणी केली आणि लुळा हात, झटके हे रूपांतरण विकृती म्हणून शारीरिक गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ते विघटनातच ठेवले, आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या तिच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही ते तिथेच आहेत. म्हणजे ही शिरोळची मुलगी अमेरिकन पुस्तक उघडलं तर काकूंच्या रांगेत बसते, दुसरं उघडलं तर वेगळ्या.

मी दुसऱ्या पुस्तकाच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण एका साध्या तपासणीत सापडतं. 1908 मध्ये हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ती सांगितली. पाय लुळा पडलेल्या माणसाला आडवं झोपवायचं, त्या पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा आणि टाच खाली दाबायला सांगायचं. जोर येत नाही. मग दुसरा, चांगला पाय वर उचलायला सांगायचा आणि तो आपण दाबून धरायचा. लुळ्या पायाची टाच आपोआप हातावर दाबली जाते. नस शाबूत, स्नायू शाबूत, ‘आता दाब’ असा हुकूम जाण्याची वाट तेवढी बंद. लक्ष दुसरीकडे गेलं की वाट मोकळी होते. काकूंचं लक्ष शरीराला चिकटलं होतं, सुटत नव्हतं. या मुलीचा शरीरावरचा ताबाच हातातून निसटत होता. हा फरक मला ‘शरीर की आठवण’ यापेक्षा फार खोलचा वाटतो.

हूवरची खूण शिकवली की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो: “मॅडम, म्हणजे ती नाटकच करतीय की?” नाही. मुद्दाम आजाराचं सोंग घेणं ही वेगळी गोष्ट आहे आणि पुस्तकातही तिला वेगळी जागा आहे. चांगले न्यूरॉलॉजिस्ट ही तपासणी रुग्णाला पकडायला करत नाहीत, ते ती त्याला उलगडून दाखवतात: बघा, तुमच्या पायात ताकद आहे, ती परत वापरता येईल.

घरच्यांची भीती वेगळी असते, आतला मोठा आजार राहून तर जात नसेल? ही भीती जुनी आहे. 1965 मध्ये इलियट स्लेटर या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने हिस्टेरिया ठरवलेल्या बऱ्याच रुग्णांत पुढे मेंदूचे आजार निघाल्याचं दाखवलं होतं. पण 2005 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा 1970 नंतरच्या रुग्णांत चुकीचं निदान सुमारे 4 टक्क्यांवर आलेलं दिसलं. तपासणी नीट झाली असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे अंगात येण्याचा विषय टाळून चालत नाही. जोतिबाच्या यात्रेत हलगीच्या तालावर एखादीच्या अंगात आलं, ती घुमली, शांत झाली आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागली, तर तो आजार नाही. जागतिक वर्गीकरणही हेच म्हणतं. न बोलावता, नको असताना, पुन्हा पुन्हा येऊन आयुष्य विस्कटू लागलं तर मात्र उपचार हवेत. भूत उतरवायचं म्हणून कुणी बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

उपचारांतही दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. काकूंना एकच डॉक्टर आणि ठरलेली तारीख, महिन्यातून एकदा, दुखो न दुखो. नवं लक्षण दिसल्याशिवाय नवी टेस्ट नाही. वर्तन-बोधन उपचारात (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे उपचार, सीबीटी) वही हळूहळू कमी केली, आधी दिवसातून एकदा, मग आठवड्यातून. सुनेला सांगितलं, तासातासाला ‘आता कसं वाटतंय?’ विचारू नका, शेजारणीबद्दल बोला. कळ पूर्ण गेली नाही, पण पुढच्या नवरात्रात त्या रांगेत उभ्या राहिल्या.

मुलीला आधी निदान समजावलं, घरच्यांना तिच्यासमोरच. आवाज लांब जायला लागले की तळवे फरशीवर दाबायचे, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, एवढ्याने काही झटके वाटेतच अडू लागले. कारण लगेच खणू नये असं मला वाटतं. आई म्हणायची 2019 च्या महापुरानंतर सुरू झालं, मुलगी म्हणायची बारावीच्या निकालानंतर. आम्ही दोन्ही ऐकून घेतलं. आघात सापडलाच पाहिजे अशी अट निदानातही आता उरलेली नाही.

असा झटका घरात आला तर आसपासच्या टणक वस्तू बाजूला करा, कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल नको, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पहिलाच झटका असेल किंवा पाच मिनिटांवर गेला तर 108 ला फोन करा. एरवी कुणाशी बोलायचं कळत नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि घरात आणखी कुणी असेल तर त्याला मोबाईलवर टिपून घ्यायला सांगा, चेहरा आणि डोळे दिसतील असं. शिरोळच्या त्या मुलीच्या दोन वर्षांच्या फायलीत डोळे मिटलेले होते की उघडे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आम्हाला तिच्या भावाच्या हलत्या व्हिडिओत दिसलं.