राष्ट्रीय रग्बी संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची निवड

राष्ट्रीय रग्बी संघासाठी मुख्य प्रशिक्षक शोधून त्याच्याशी करार करण्याची प्रक्रिया. हे काम त्या त्या देशाच्या रग्बी संघटनेचे असते. (येथे विचार पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनचा केला आहे, तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचा संसार वेगळा.) नेमणूक सहसा एका विश्वचषकापासून पुढच्या विश्वचषकापर्यंत, म्हणजे चार वर्षांसाठी होते. त्यामुळे कोणाला नेमायचे याइतकाच कधी नेमायचे हा प्रश्न मोठा ठरतो. वर्तमानपत्रे पहिल्या प्रश्नावर रकानेच्या रकाने लिहितात. संघटनांची फजिती बहुधा दुसऱ्यात होते.

हे पद वाटते तितके जुने नाही. पूर्वी निवड समिती संघ निवडायची आणि मैदानावर कर्णधाराचा शब्द शेवटचा असायचा. शिकवायला माणूस ठेवला की हौशी खेळाचे सोवळे मोडते, अशी ब्रिटिश बेटांतल्या जुन्या मंडळींची समजूत होती. इंग्लंडने पहिला प्रशिक्षक नेमला तो १९६९ मध्ये, डॉन व्हाइट. ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने खेळ व्यावसायिकांना खुला केला आणि मग पगार, करार, नुकसानभरपाई हे सगळे मागोमाग आले. १९९७ मध्ये नेमले गेलेले क्लाइव्ह वुडवर्ड हे इंग्लंडचे पहिले पूर्णवेळ व्यावसायिक प्रशिक्षक.

क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू रोज भेटतात, राष्ट्रीय प्रशिक्षकाला ते उसने मिळतात. युरोपात फेब्रुवारी-मार्चमधली सहा राष्ट्रांची स्पर्धा, जुलैमधला दौरा आणि नोव्हेंबरचे कसोटी सामने, एवढेच आठवडे त्याच्या हाती. क्लबला चांगला हूकर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) कमी पडला तर तो दुसऱ्या क्लबातून आणता येतो. देशाला आहे त्यावर भागवावे लागते. त्यात नियमांची बंधने. न्यूझीलंडचा संघ देशातच करारबद्ध असलेल्या खेळाडूंतून निवडला जातो, इंग्लंडही परदेशी क्लबात गेलेल्यांना अपवादानेच घेते, तर दक्षिण आफ्रिका जपान-फ्रान्समध्ये खेळणाऱ्यांनाही बोलावते. म्हणून क्लब स्तरावर चषकांची रांग लावणारा माणूस राष्ट्रीय संघावर चालेलच असे नाही. निवड समितीला हे ठाऊक असते, पण तिच्यासमोर पुरावा असतो तो बहुतेक वेळा क्लबच्या कामगिरीचाच.

प्रक्रिया कागदावर सोपी आहे. मावळत्या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचा आढावा घेतला जातो, जाहिरात निघते किंवा गुपचूप फोन फिरतात, तीन-चार नावे उरतात, मुलाखती होतात आणि शेवटी संघटनेचे मंडळ शिक्कामोर्तब करते. मुलाखतीतला कळीचा प्रश्न 'तुम्ही बरोबर कोणाला आणणार?' हा असतो. स्क्रम (दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या एकमेकींना भिडून चेंडूसाठी रेटतात तो डाव), लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणे), बचाव, आक्रमण, किक या प्रत्येकासाठी वेगळा सहायक लागतो, आणि मुख्य प्रशिक्षकाचे अर्धे यश त्या चौघा-पाचजणांवर तोललेले असते. स्टीव्ह बोर्थविक डिसेंबर २०२२ मध्ये लेस्टर टायगर्स सोडून इंग्लंडकडे आले, तेव्हा बचावाचे प्रशिक्षक केव्हिन सिनफील्ड यांनाही घेऊन आले. क्लबच्या बाजूने पाहिले तर भर हंगामात घर रिकामे. अशा वेळी संघटना क्लबला नुकसानभरपाई देते. एडी जोन्स केपटाउनच्या स्टॉर्मर्सकडे नुकतेच रुजू झाले होते, तोच २०१५ मध्ये इंग्लंडने त्यांना असेच भरपाई देऊन उचलले.

वेळेच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडचे आहे. ६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिफमध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत मध्यंतराला १३-३ ने पुढे असलेला न्यूझीलंड फ्रान्सकडून १८-२० असा हरला. निर्णायक ट्रायच्या (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवण्याच्या) आधीचा पास पुढे गेला होता, जो रग्बीत चालत नाही, हे टीव्हीवर बघणाऱ्या सगळ्यांना दिसले. पंचांना दिसले नाही. तोवर त्या देशाचा शिरस्ता सरळ होता : विश्वचषक नाही, तर प्रशिक्षकही नाही. १९९९ च्या पराभवानंतर जॉन हार्ट यांनी राजीनामा दिला. २००३ मध्ये जॉन मिचेल यांना स्वतःच्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करावा लागला आणि ती जागा ग्रॅहॅम हेन्री यांना मिळाली. आता अर्ज करण्याची पाळी हेन्री यांची होती. समोर उमेदवार म्हणून उभे होते क्रुसेडर्स या न्यूझीलंडमधल्याच संघाचे यशस्वी प्रशिक्षक रॉबी डीन्स, लोकमतही बरेचसे त्यांच्याकडे झुकलेले. डिसेंबरमध्ये संघटनेने हेन्री यांनाच कायम ठेवले. डीन्स लगेच ऑस्ट्रेलियाकडे गेले आणि त्या देशाचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. चार वर्षांनी ऑकलंडच्या ईडन पार्कवर दोघे उपांत्य सामन्यात समोरासमोर आले. न्यूझीलंडने २०-६ असा विजय मिळवला आणि आठवड्याने अंतिम सामन्यात फ्रान्सला ८-७ असे हरवून चषक घेतला.

धीर धरला म्हणून फळ मिळाले, असा धडा यातून हमखास काढला जातो. तो जरा जपूनच घ्यावा. एका पेनल्टी किकने तो ८-७ चा निकाल उलटला असता, आणि मग हीच फेरनेमणूक संघटनेच्या हट्टीपणाचा नमुना म्हणून सांगितली गेली असती.

पुढे २०१९ मध्ये हेन्री टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. नव्या प्रशिक्षकासाठीच्या पाचजणांच्या समितीत ते होते. देशाच्या नेटबॉल संघाच्या माजी प्रशिक्षक वायमारामा तौमाउनु याही होत्या. निवड इयन फॉस्टर आणि स्कॉट रॉबर्टसन यांच्यात होती. आठ वर्षे सहायक राहिलेल्या फॉस्टर यांना पसंती मिळाली. जुलै २०२२ मध्ये आयर्लंडने न्यूझीलंडमध्ये येऊन मालिका २-१ अशी जिंकली. १९९४ नंतर घरच्या मैदानावर मालिका गमावण्याची ही पहिली वेळ. संघटनेने आधी दोन सहायकांना नारळ दिला. फॉस्टर यांचेही दिवस भरले असे सगळे धरून चालले असताना ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर संघ ३५-२३ असा जिंकला आणि ते बचावले. मार्च २०२३ मध्ये, विश्वचषकाला सहा महिने असताना, संघटनेने जाहीर केले की स्पर्धेनंतर रॉबर्टसन सूत्रे घेतील. हिशेब समजण्यासारखा होता : स्पर्धा संपेपर्यंत थांबले तर चांगले उमेदवार दुसरे देश घेऊन जातात. पण नेमणूक स्पर्धेनंतर व्हावी असे फॉस्टर उघडपणे सांगत होते. उत्तराधिकारी ठरलेल्या अवस्थेत त्यांनी संघ पॅरिसच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. तिथे कर्णधार सॅम केन यांना लाल कार्ड मिळूनही दक्षिण आफ्रिकेशी फक्त एका गुणाने, ११-१२, हार पत्करावी लागली.

आयर्लंडनेही वारस आधीच जाहीर केला होता, पण तिथे कोणी फारसे रागावले नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जो श्मिट यांनी २०१९ च्या विश्वचषकानंतर आपण थांबणार असे स्वतःच सांगितले आणि त्यांचे सहायक अँडी फॅरल यांचे नाव त्याच वेळी पुढे आले. स्वतःहून उतरणे आणि उतरवले जाणे यात फरक आहेच. मात्र त्या विश्वचषकात आयर्लंडची गाडी उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडपुढे १४-४६ अशी रुतली, तेव्हा आधी केलेल्या घोषणेकडे बोट दाखवणारेही निघाले.

विश्वचषक तोंडावर असताना खांदेपालट करावी का, याचे सरळ उत्तर हवे असणाऱ्यांनी २०२३ हे वर्ष पाहावे आणि निराश व्हावे. इंग्लंडने नऊ महिने आधी जोन्स यांना काढून बोर्थविक यांना आणले. संघ उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून १५-१६ असा निसटता हरला. त्याच जोन्स यांना ऑस्ट्रेलियाने जानेवारीत डेव्ह रेनी यांच्या जागी पाच वर्षांचा करार देऊन बसवले. वेल्सकडून ६-४० असा मार खाऊन ऑस्ट्रेलिया प्रथमच साखळीतच बाद झाला आणि जोन्स वर्ष सरण्याआधी पायउतार झाले. फिजीचे व्हर्न कॉटर पद सोडून गेल्यावर सायमन रायवालुई यांच्या हाती जेमतेम काही महिने होते. त्यांच्या संघाने ऑगस्टमध्ये ट्विकनहॅमवर इंग्लंडला प्रथमच, ३०-२२ असे हरवले आणि पुढे उपांत्यपूर्व फेरी गाठली. एकाच वर्षी एकच जुगार, निकाल तीन तऱ्हांचे.

रासी इरॅस्मस यांची गोष्ट थोडी वेगळी. दक्षिण आफ्रिकेच्या संघाने २०१७ मध्ये न्यूझीलंडकडून ०-५७ आणि आयर्लंडकडून ३-३८ असे पराभव पाहिले होते. मार्च २०१८ मध्ये इरॅस्मस मुख्य प्रशिक्षक झाले, आणि देशाच्या एकूण रग्बीचे संचालकपदही त्यांच्याकडेच होते. म्हणजे साहेबही तेच आणि कारागीरही तेच. दीड वर्षात चषक आला; मग त्यांनी प्रशिक्षकपद आपले सहकारी जॅक नीनाबर यांच्याकडे दिले, २०२३ ला तोही चषक आला आणि २०२४ पासून इरॅस्मस पुन्हा मैदानालगत. संघटनेला फेरनिवडीची डोकेदुखीच उरली नाही. असा माणूस सापडणे मात्र पद्धतीपेक्षा नशिबाचा भाग अधिक.

निवड निव्वळ खेळाच्या निकषांवर होते असे मानण्याचे कारण नाही. २००८ मध्ये पीटर डी व्हिलियर्स दक्षिण आफ्रिकेचे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले, तेव्हा वर्णभेदोत्तर परिवर्तनाचा विचारही या निर्णयात होता असे संघटनेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगून टाकले. डी व्हिलियर्स यांच्या संघाने पुढच्याच वर्षी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धची (ब्रिटन आणि आयर्लंडच्या खेळाडूंच्या एकत्रित संघाविरुद्धची) मालिका जिंकली, तरी ते वाक्य त्यांच्या पाठीला चिकटले ते चिकटलेच. फ्रान्समध्ये परदेशी प्रशिक्षक चालेल का, असा कौल संघटनेने हौशी क्लबांकडूनच मागितला. बहुमत 'नको' म्हणाले आणि फाबियाँ गाल्तिए आले. त्याआधी करार संपण्यापूर्वीच काढलेल्या गी नोव्हेस यांनी कामगार न्यायालयात दाद मागून निकाल आपल्या बाजूने मिळवला होता, हेही संघटनेच्या स्मरणात असणारच.

मोठ्या खेळाडूला थेट प्रशिक्षक करण्याचा मोह अधूनमधून होतो. २००३ च्या विश्वविजयाचे कर्णधार मार्टिन जॉन्सन यांना २००८ मध्ये इंग्लंडने संघ सोपवला तेव्हा त्यांच्या गाठीशी प्रशिक्षणाचा काहीच अनुभव नव्हता. २०११ च्या विश्वचषकानंतर ते स्वतःच बाजूला झाले. हंगामी नेमणुकीचा मार्गही निसरडा आहे. जॉन्सन यांच्यानंतर तात्पुरते आणलेले स्टुअर्ट लँकेस्टर काही महिन्यांत कायम झाले आणि २०१५ मध्ये इंग्लंड यजमान असूनही साखळीतच बाद झाला.

परदेशी प्रशिक्षकाचा वाद कायमचा. पुरुषांच्या विश्वचषकात १९८७ ते २०२३ या दहा स्पर्धांतील प्रत्येक विजेत्या संघाचा प्रशिक्षक त्याच देशाचा होता. ही आकडेवारी परदेशी माणसाला विरोध करणारे नेहमी पुढे करतात. पण न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी परदेशी प्रशिक्षक कधी नेमलाच नाही, आणि दहापैकी सात चषक याच दोन देशांकडे गेले, हे ते सांगत नाहीत. महिलांच्या विश्वचषकात ही परंपरा चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या महिला संघाने अंतिम सामन्यात कॅनडाला ३३-१३ असे हरवले, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते न्यूझीलंडचे जॉन मिचेल. २००३ मध्ये स्वतःच्या जागेसाठी अर्ज करून ती गमावलेले.